चंद्री म्हशीला सांगितलेलं औषध

द्वारकाबाई तीन महिन्यांसाठी गावाबाहेर जाणार असं ठरलं, त्या दिवशी कवठाळीच्या सरपंचांनी चावडीवर स्वतःच्या हातानं नारळ फोडला. सरकारी योजनेचा शुभारंभ म्हणून फोडला, असं नंतर सगळे सांगायचे. कशाचा शुभारंभ अन् कशाचं काय! खरं कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. एकट्या द्वारकाबाईला तेवढं ठाऊक नव्हतं.

गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. सरकारनं तेव्हा नवीनच काढलं होतं. गावानं आपल्यातलं एक माणूस निवडून द्यायचं, आरोग्य केंद्रात त्याला तीन महिने शिकवायचं, आणि औषधाची पेटी देऊन परत गावात धाडायचं. गावोगाव बसायला डॉक्टर आणणार कुठून? मग ताप, खोकला, खरूज, जुलाब एवढं तरी गावच्या माणसानं गावातच बघावं, असा तो बेत. सेनगावहून डॉक्टर सभेला आले होते. ते म्हणाले, "लिहिता-वाचता येणारा माणूस हवा. गावात कायम राहणारा हवा. आणि मुख्य म्हणजे, घराघरात जाऊन बोलायला न लाजणारा हवा."

हे शेवटचं वाक्य डॉक्टरांच्या तोंडून पडलं मात्र, सगळ्या सभेच्या माना एकाच दिशेला वळल्या.

द्वारकाबाई चौथी पास. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, पोरबाळ नाही, चार एकर कोरडवाहू आणि एक म्हैस. आणि तोंड! काय सांगावं त्या तोंडाचं! पहाटे कोंबड्याच्या आधी सुरू व्हायचं ते दिवेलागणीला कुठं थकायचं. कोणाच्या सुनेनं दूध उतू घालवलं, कोणाचा बैल कोणाच्या तुरीत शिरला, सरपंच अमृतरावांनी एकाच लग्नात किती वेळा बुंदी मागितली, सगळं तिला माहीत, आणि तिला माहीत म्हणजे गावाला माहीत. बाई मनानं वाईट नव्हती हो. पण कान ते कान. त्यांना कधी सुट्टी नको का?

"द्वारकाबाईच शोभते या कामाला," अमृतराव म्हणाले. "तीन महिने सेनगावलाच राहावं लागतं न्हवं साहेब? मधीच तर येत न्हाई ना माणूस?"

"नाही, तिथंच राहावं लागतं."

भराभर हात वर झाले. काहींनी तर दोन-दोन केले.

द्वारकाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. गावानं आपल्याला निवडलं! उभ्या जन्मात तिला कोणी कशासाठी निवडलं नव्हतं. ती घरी गेली, लुगड्याची घडी घातली, आणि आपल्या चंद्री म्हशीच्या गळ्यात पडून म्हणाली, "चंद्रे, पाह्यलं का? काही काही लोकांना घरच्यांनी ओळखलं न्हाई, पण गावानं ओळखलं बरं."

म्हशीला काय त्याचं! पण हे बोलणं म्हशीसाठी नव्हतंच. छातीइतक्या उंच मातीच्या भिंतीपलीकडं तिची थोरली जाऊ गोजरबाई शेळीला पाला टाकत होती, तिच्यासाठी होतं.

आता या भिंतीचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

दोघी सख्ख्या जावा. एकेकाळी एका ताटात जेवायच्या. द्वारका नवी नवरी होऊन आली तेव्हा तिची वेणी गोजरबाईच घालायची, आणि द्वारका तिला आक्का म्हणायची. पुढं भावाभावांच्या वाटण्या झाल्या. जमीन वाटली, बैल वाटले, विहिरीवर पाणी भरायच्या पाळ्या ठरल्या, सगळं गुण्यागोविंदानं झालं आणि घोडं अडलं ते सासूच्या जात्यावर. दोघींनाही ते जातंच हवं. शेवटी पंचांनी न्याय केला. वरचा दगड थोरलीला, खालचा धाकटीला! असले न्याय करणाऱ्याला तर जात्यातच घालावं. वरच्या दगडानं गोजरबाई कोंबड्यांचं डालगं दाबून ठेवू लागली, खालच्या दगडावर द्वारकाबाई पाय घासू लागली, आणि दळायला दोघी शेजारपाजारी हिंडू लागल्या. त्यावरून एकदा कडाक्याचं भांडण झालं आणि गोजरबाईनं औंढ्याच्या नागनाथाची आण घेतली की, या बाईशी मी जन्मात बोलणार नाही. धाकटी काय मागं राहते? तिनंही घेतली. त्याला आता बारा वर्षं झाली होती. द्वारकाबाईचा नवरा गेला तेव्हा गोजरबाईनं चार दिवस घरची भाकरी धाडली, पण शब्द नाही.

अबोला झाला म्हणून बोलणं थांबलं असं मात्र समजू नका. देवानं जनावरं कशासाठी दिलीत?

द्वारकाबाई म्हणायची, "चंद्रे, काही काही घरी दिवस डोक्यावर येस्तोर चूल पेटत न्हाई बरं."

पलीकडून गोजरबाई लगेच आपल्या शेळीला, "ढवळे, काही काही म्हशींचं दूध पावशेर अन् रवंथ दिवसभर."

याला नियम होते. आपल्याच जनावराशी बोलायचं, नाव घ्यायचं नाही, भिंतीपलीकडं बघायचं नाही. बारा वर्षांत दोघींनी एकदाही नियम मोडला नाही. नागनाथाची आण म्हणजे काही पोरखेळ नव्हता. भांडणही व्हायचं आणि आणही शाबूत राहायची.

तर अशी ही द्वारकाबाई सेनगावला गेली आणि कवठाळीच्या कानांना तीन महिने विश्रांती मिळाली.

तिकडं तिनं डॉक्टरांना भंडावून सोडलं. हे काहून? ते काहून? तापात गोधडी काहून काढायची? पाणी उकळल्यावर त्यातले जंतू मरत्यात, मग त्यांची मढी आपल्या पोटात जातात त्याचं काय? डॉक्टर डोक्याला हात लावायचे, पण उत्तर द्यायचे. एक गोष्ट त्यांनी रोज घोकून घेतली. लेकराला जुलाब लागले तर पाणी तोडायचं नाही. पेलाभर उकळून गार केलेलं पाणी, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ. चव डोळ्यातल्या पाण्याइतकी खारट. त्याहून जास्त खारट लागलं तर फेकून नवं करायचं. "बाई, पेटीतल्या सगळ्या गोळ्या विसरलात तरी चालेल," डॉक्टर म्हणायचे, "हे विसरायचं नाही." द्वारकाबाईला नवल वाटलं होतं. सगळ्यात मोठं औषध म्हणे चुलीपाशीच असतं!

परतताना एसटीत शेजारी सोजराबाई बसली होती. ही गावच्या बुद्धवाड्यातली सुईण. तीही सुईणींच्या शिक्षणाला आली होती. साठीची बाई, निम्म्या गावाला हिनंच पहिला श्वास घ्यायला लावलेला, त्यामुळं कोणाची भीडभाड नाही. पेटी मांडीवर घेऊन द्वारकाबाई एकसारखी बोलत होती. गाव वेशीपर्यंत आणायला येईल का, सरपंच हार घालतील का.

सोजराबाई म्हणाली, "द्वारके, एक सांगू? राग नको मानू. गावानं तुला शिकायला न्हाई धाडलं. गावाला तीन महिने कानाला आराम हवा होता, म्हणून धाडलं."

एसटी कवठाळीला थांबली. वेशीत कोणी आलं नव्हतं. पारावर बसलेल्या एकानं दुसऱ्याला "आली बाप्पा!" म्हटलेलं तिनं स्वतःच्या कानानं ऐकलं. घरी येऊन ती म्हशीच्या अंगाला डोकं टेकून उभी राहिली. त्या दिवशी ती चंद्रीशीसुद्धा काही बोलली नाही. फार लागलं होतं तिला.

आणि पुढं तेच झालं जे व्हायचं होतं. बुद्धवाड्यातली माणसं सोजराबाईच्या शब्दावर येऊ लागली. कोणाला खरजेचं मलम, कोणाला तापाची गोळी. द्वारकाबाईच्या औषधाच्या वहीत सात नावं चढली. वरच्या आळीचं, तिच्या स्वतःच्या आळीचं, मात्र एक नाव चढेल तर शपथ! "कालपरवापर्यंत आमच्या घरातल्या भानगडी सांगत फिरायची, अन् आता आमाला गोळ्या देती," असं म्हणून लोक सरळ सेनगावची वाट धरायचे. एसटी चुकली तर घरीच कण्हत पडायचे, पण द्वारकाबाईचं दार? नाव नको.

भाद्रपद लागला. डॉक्टरांचा निरोप आला की शुक्रवारी काम बघायला येतो. अमृतरावांनी तेवढ्यात बेत करून टाकला. "गावाचा भरोसा न्हाई बाईवर. सात नावं, अन् वरच्या आळीचं एकबी न्हाई. आमचा तातेराव हाय की. त्याला द्या पेटी." हा तातेराव म्हणजे सरपंचांचा मेहुणा. अनोळखी माणसानं नाव विचारलं तरी त्याला घाम फुटायचा. पण मेहुणा तो मेहुणा.

द्वारकाबाईनं हे ऐकलं आणि पेटी उचलून उराशी धरली. पेटी गेली म्हणजे सगळंच गेलं. मग ती पुन्हा तीच, गावाच्या कानाला नकोशी झालेली बाई. उरलेल्या जन्मात कोण कशाला निवडतंय तिला?

हे मंगळवारी. आणि बुधवारी सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला.

"माय, मुंजा डोळे फिरवून राहिला गं."

आवाज जनकाचा, गोजरबाईच्या लेकीचा. तिला आखाडा बाळापूरला दिलेली. दहा महिन्यांचा मुंजाजी कडेवर घेऊन ती पोळ्याला माहेरी आली होती. घरात दोघी मायलेकीच. गोजरबाईचा नवरा उकंडराव बैल घेऊन बाजाराला गेलेला, परवापर्यंत यायचा नव्हता. बाकी आळी खुरपणीला रानात. सेनगावची एसटी गेली होती, दुसरी उद्या.

"पहाटपासून बारा-तेरा डाव झालंय माय. घोटभर पाणी देऊ का?"

"खबरदार!" गोजरबाई ओरडली. "पाणी दिलं की आणखी धार लागती. कोरडं राहू दे. म्या बिब्बा तापविते, पोटाला लावू."

द्वारकाबाईनं हातातलं शेणाचं घमेलं खाली टाकलं. तिनं नियम मोडला आणि टाचा उंचावून भिंतीपलीकडं पाहिलं. गोधडीवर लेकरू पडलेलं. डोळे खोल, ओठ सुकलेले, टाळू आत गेलेली, रडणंसुद्धा कोरडं. डोळ्यांतून पाणी नाही. सेनगावला डॉक्टरांनी अगदी असंच एक लेकरू दाखवलं होतं आणि सांगितलं होतं, इथून पुढं उशीर करायचा नाही.

ती पेटी घेऊन धावत गोजरबाईच्या दारात गेली. गोजरबाईनं तिला पाहिलं, पेटी पाहिली, आणि तोंडावर दार लावून आतून कडी घातली. जनका आत रडून म्हणाली, "माय, काकूला येऊ दे ना!" तर गोजरबाई म्हणाली, "तिचं पाऊल या घरात पडलं तर माहं मेलेलं तोंड पाहशील."

द्वारकाबाई दारात उभी. अशी चीड आली तिला! जावेची आली, जात्याची आली, पंचांची आली, नागनाथाची आण घेणाऱ्या स्वतःच्या तोंडाची तर सगळ्यात जास्त आली. एका दगडासाठी हे लेकरू हातचं जाणार?

आणि मग तिला चंद्री आठवली.

ती मागं धावली. म्हशीचं दावं सोडलं आणि ओढत तिला भिंतीशी आणलं. म्हशीला नव्हतं यायचं, तिची वैरण तिकडं होती. द्वारकाबाईनं ढकलून ढकलून तिचं तोंड भिंतीकडं केलं, आणि बारा वर्षं तापवून ठेवलेला आवाज लावला.

"चंद्रे! ऐकून राहिली का? कान उघडे ठेव! जुलाबात पाणी तोडलं तर लेकरू सुकून जातं. बिब्बा ठेव चुलीत! एक पेला पाणी घे, उकळून गार केलेलं. चमचाभर साखर टाक. चिमूटभर मीठ टाक. अन् चमच्याचमच्यानं पाज. कळलं का गं?"

चंद्रीनं शेपटी हलवली. पलीकडं काही हललं नाही.

"चंद्रे! पाणी दिलं तर धार वाढती म्हणत्यात, ते खोटं हाय बाई. मडकं गळून राहिलं तर आपण काय करतो? पाणी भरायचं थांबवलं तर मडकं कोरडं ठाक व्हतं. भोक बुजेस्तोर वरून भरत राहायचं. लेकराचंबी तसंच हाय!"

द्वारकाबाईनं भिंतीला कान लावला. मग पलीकडून, अगदी हळू, शेळीला उद्देशून आवाज आला.

"ढवळे... आपल्या घरात साखर सरली. गूळ चालतो का, हे कोणी सांगतं का?"

द्वारकाबाईनं भिंतीला दोन्ही हात टेकले.

"चालतो! चंद्रे, गूळ चालतो बरं माय! सुपारीएवढा घे, नीट इरघळू दे!"

"ढवळे, मीठ कित्ती ते काय कळंना. कोणाची चिमूट लहान, कोणाची मोठी."

"चंद्रे, मीठ डोळ्यातल्या पाण्याइतकं. स्वतः चाखून बघायचं. आसवाहून खारट लागलं तर फेकायचं अन् नवं करायचं."

पलीकडं भांडं वाजलं. चुलीत फुंकर मारल्याचा आवाज आला. उकळलेलं पाणी गार व्हायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात द्वारकाबाई अंगणात शंभर फेऱ्या मारून आली. मग भिंतीपलीकडून आणखी एक आवाज आला आणि ती जागीच थांबली. गोजरबाई रडत होती. जिनं सासू गेली तेव्हा डोळा ओला केला नाही, दीर गेला तेव्हा केला नाही, ती बाई हुंदके देऊन रडत होती.

द्वारकाबाईच्या मनात आलं, भिंतीवरून उडी मारावी. पण तिनं गळा साफ केला आणि म्हणाली, "चंद्रे, रडायला मागून लई वेळ हाय. पाज आता. एक चमचा. थांब. अजून एक चमचा."

तो दिवस कवठाळीत कोणी विसरणार नाही. दुपार कलली तरी म्हशीचं शिक्षण चालूच. "चंद्रे, ओकलं तरी घाबरू नको, थोडं थांबून परत पाज. चंद्रे, अंगावरचं दूध तोडू नको, त्याच्या मायला म्हणावं पाज. चंद्रे, हात धू गं, राखेनं धू." चंद्री बिचारी कंटाळून खाली बसली. पण द्वारकाबाई बसली नाही. तिचा आवाज चिरकला, मग घोगरा झाला, मग नुसती खरखर राहिली. रानातून परतलेली माणसं भिंतीशी थांबू लागली. आधी हसली. मग कोणीतरी पलीकडं डोकावून लेकरू पाहिलं, आणि हसणं बंद झालं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच सगळी वरची आळी द्वारकाबाईचं बोलणं कान देऊन ऐकत होती.

दिवे लागायच्या वेळेला जनका ओरडली.

"मुतला! माय, मुंजा मुतला! अन् हे बघ, रडतो तर डोळ्याला पाणी बी येऊन राहिलं!"

एका लेकराच्या मुतण्यानं एवढा आनंद या जिल्ह्यात तरी कोणाला झाला नसेल. अंगात पाणी ठरलं, हे त्याचं लक्षण. द्वारकाबाई म्हशीच्या गळ्यात हात टाकून मटकन खाली बसली. चंद्रीला शाबासकी द्यायची होती. पण आवाज उरलाच कुठं होता!

शुक्रवारी डॉक्टरांची जीप आली. चावडीसमोर सभा बसली. अमृतरावांनी घसा खाकरून सांगितलं की बाई कष्टाळू आहे, तक्रार काही नाही, पण गावाचा भरोसा पाहिजे, आणि तातेरावाला पुढं ढकललं. तातेरावाला घाम फुटला.

डॉक्टरांनी वही उघडली. "सात नावं. सगळी बुद्धवाड्यातली. बाई, वरच्या आळीत कोणी आजारीच पडलं नाही का?"

द्वारकाबाई काय सांगणार? बुधवारी पेटी तर उघडलीच नव्हती. आणि मुंजाचं नाव घ्यावं, तर गोजरबाई म्हणेल, मी कुठं तुझ्याकडून औषध घेतलं? मग चारचौघांत खोटी पडायची. ती मान खाली घालून उभी राहिली.

कोणीतरी मागून म्हणालं, "साहेब, बुधवारी हिनं म्हशीला सांगून एक लेकरू वाचवलं."

"म्हशीला?"

"मग काय, म्हशीचं नाव लिवायचं का वहीत?" अमृतराव म्हणाले. सभा हसली.

डॉक्टर हसले नाहीत. ते म्हणाले, "या महिन्यात तिकडं दूर रशियात सगळ्या देशांची मोठी माणसं एकत्र बसलीत. घराघरात आरोग्य कसं पोचवायचं, याचा विचार करून राहिलेत. मला तरी नीट कळू द्या, म्हशीचा काय संबंध?"

तेवढ्यात माणसं बाजूला सरली. गोजरबाई आली होती. ती चावडीवर कधी येत नसे. डोक्यावर पदर, कडेवर मुंजाजी. लेकरू चांगलं डोळे टकटक करून जीपकडं बघत होतं.

"लिवा साहेब," ती म्हणाली. "मुंजाजी. वय दहा महिने. जुलाब. वरची आळी."

"औषध कोणतं दिलं?"

"पाणी, गूळ अन् मीठ."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "आणि हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

गोजरबाईनं इकडं तिकडं पाहिलं. शेळी घरी होती. बोलायला जनावर नाही, आणि समोर सगळं गाव. तिनं एकदा डोळे मिटले, पुटपुटली, "नागनाथा, काय दंड करायचा तो माह्या एकटीला कर, लेकराला नको." मग डोळे उघडले.

"माह्या जावेनं. द्वारकीनं सांगितलं."

बारा वर्षांनी ते नाव त्या तोंडातून आलं. डॉक्टरांना त्यातलं काही कळलं नाही, पण गावाला कळलं. डॉक्टरांनी विचारलं, "मग यांनाच ठेवायचं ना?" पुन्हा भराभर हात वर झाले. पहिला हात सोजराबाईचा होता. तातेरावानं तर सुटकेचा श्वास सोडून दोन्ही हात वर केले. अमृतरावांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि आपलाही एक वर केला.

पण द्वारकाबाई हात मोजत नव्हती. गोजरबाई सरळ तिच्यासमोर येऊन उभी राहिली होती.

"काहून गं द्वारके," गोजरबाई कडाडली, "हेच शिकून आली व्हय तीन महिने? मीठ म्हणे डोळ्यातल्या पाण्याइतकं! बारा वर्षं ज्या बाईनं डोळ्यातून टिपूस काढलं न्हाई, तिनं चाखावं काय? तुह्या त्या औषधापायी आधी रडावं लागलं मला!"

कोणाचं उसनं ठेवणारी का द्वारकाबाई? हजार उत्तरं होती तिच्याकडं. पण तिच्या दोन्ही डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. गोजरबाईनं मुंजाला तिच्या हातात दिलं. द्वारकाबाईनं लेकरू छातीशी धरलं, ओठापर्यंत आलेलं आसू जिभेनं टिपलं, आणि त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली,

"मीठ बराबर व्हतं, आक्का."